सार्वजनिक ग्रंथालय आणि त्याची मूल्ये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचक, विश्वस्त, नव्याने कामाला लागलेले ग्रंथपाल आणि अभ्यासिकेतली मुले यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातल्या अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांना धरून आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांचे नियम निराळे असतात.

१. ग्रंथालयाची मूल्ये म्हणजे काय? भिंतीवरच्या सुविचारांपेक्षा त्यात वेगळे काय असते?

सुविचार पाळला नाही तरी कुणाचे अडत नाही. मूल्य पाळले नाही तर एखाद्या वाचकाचे नेमके अडते. ‘सर्वांचे स्वागत आहे’ ही पाटी रंगवायला फारसे काही लागत नाही. मळक्या कपड्यातला एखादा माणूस पंख्याखाली तासभर पेपर वाचत बसतो आणि जुने सभासद नाक मुरडू लागतात, तेव्हा त्या पाटीचा कस लागतो.

कामापुरते बोलायचे तर पाच गोष्टी धराव्यात. कुणालाही आत येता यावे. काय वाचायचे ते वाचकाने ठरवावे. त्याने काय वाचले ते तिसऱ्याला कळू नये. आलेले साहित्य पुढच्यांसाठी जपले जावे. आणि शोधणाऱ्याचा वेळ वाया जाऊ नये. यांचे आपसात पटतेच असे नाही. शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक घरी द्यावे तर जपणूक धोक्यात, न द्यावे तर वाचक नाराज. खालचे बहुतेक प्रश्न अशाच ओढाताणीतून आलेले आहेत.

२. ही मूल्ये ठरवली कुणी? हे सगळे परदेशातून आलेले आहे का?

काही तिकडून आले, काही इथलेच आहे. युनेस्कोने सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा १९४९ मध्ये काढला. त्याची सुधारित रूपे १९७२, १९९४ आणि २०२२ मध्ये आली. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०२४ मध्ये आपली मूल्ये नव्याने मांडली. त्यांत प्रवेश, समन्याय, बौद्धिक स्वातंत्र्य व खासगीपणा, लोकहित आणि शाश्वतता अशी पाच सूत्रे आहेत.

पण आपल्याकडे शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त १९३१ मध्येच मांडले होते. पुस्तके वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. त्याहीआधी सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतली ग्रंथालये पाहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला १९१० मध्ये बडोद्याला आणले आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. पुस्तकांच्या पेट्या गावोगावी फिरत. देशातला पहिला ग्रंथालय कायदाही कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. तेव्हा ‘हे सगळे पाश्चात्त्य खूळ आहे’ असे कुणी ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत म्हणाले तर बडोदा आणि कोल्हापूर ही दोन नावे पुरतात.

३. आमच्या वाचनालयाला सरकारी अनुदान मिळते. मग वर्गणी आणि अनामत कशासाठी?

कारण आपली ग्रंथालये सरकारी नाहीत, सरकारमान्य आहेत. रत्नागिरी, नाशिक, पुणे, कोल्हापूर, ठाणे इथली जुनी ग्रंथालये एकोणिसाव्या शतकात लोकांनी वर्गणी काढून उभी केली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. तो १ मे १९६८ पासून लागू झाला. या कायद्याने संस्था ताब्यात घेतल्या नाहीत. त्यांना मान्यता दिली, अ, ब, क, ड असे वर्ग पाडले आणि वर्गाप्रमाणे अनुदान सुरू केले. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात, पुढे कर्नाटक आणि केरळच्या कायद्यांत ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीच घेतला जाणारा जादा कर, आहे. आपल्या कायद्यात तो नाही. त्यामुळे वर्षाला किती रक्कम येईल हे दर वेळी अर्थसंकल्पाकडे बघून कळते.

अनुदानात पुस्तके, वीज, भाडे आणि पगार भागत नाही. सेवकांना वेतनश्रेणी नसल्याने ग्रंथपालाचा पगार किती असतो, हे एकदा विचारून पाहा. मग पन्नास रुपये वर्गणीची चर्चा जरा वेगळी होईल. तरीही अनामत इतकी नसावी की मजुरी करणाऱ्या घरातले मूल दारातूनच परत जाईल. काही ठिकाणी अशा सभासदांची अनामत एखादा देणगीदार भरतो आणि वहीत फक्त ‘जमा’ असे लिहितात, कुणी भरली ते लिहीत नाहीत. ही पद्धत उचलण्यासारखी आहे.

४. सभासद नसलेल्या माणसाला आत बसू द्यावे का?

हो. वर्गणी घरी पुस्तक नेण्यासाठी असते. वर्तमानपत्रांचे टेबल आणि संदर्भ विभाग यांना ती लावू नये. हजेरीवहीत नाव लिहून घेणे ठीक, पण जात, धर्म, ‘कुणाकडून आलात’ असले रकाने नकोत. ओळखपत्र फक्त दुर्मिळ ग्रंथ हाताळायला देताना मागावे.

माणूस झोपला, मोठ्याने बोलला किंवा कुणाला त्रास दिला तर त्या वागण्याबद्दल बोलावे. त्याच्या अवताराबद्दल बोलू नये.

५. सगळे मोबाइलवर मिळते. मग ग्रंथालय हवे कशाला?

सगळे मिळत नाही. तुमच्या तालुक्याच्या साप्ताहिकाचा १९७२ च्या दुष्काळातला अंक शोधून बघा. शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका, बंद पडलेल्या गिरणीच्या कामगार संघटनेची पत्रके, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे दिवाळी अंक यांतले फार थोडे जाळ्यावर चढले आहे. मराठी ई-पुस्तके एकेका व्यक्तीला विकली जातात. ग्रंथालयाने एक घेऊन शंभर जणांत फिरवण्याची सोय अजून फारशी नाही.

दुसरे कारण अधिक साधे आहे. काहीही विकत न घेता दोन तास बसता येईल, अशा छपराखालच्या जागा शहरात आता मोजक्याच उरल्या आहेत.

६. आमच्याकडे अभ्यासिकेतच गर्दी असते, पुस्तकांना कुणी हात लावत नाही. मग कपाटे हलवून खुर्च्या वाढवाव्यात का?

हा प्रश्न सध्या सगळ्यांत जास्त येतो आणि त्याला सरळ ‘नाही’ म्हणता येत नाही. स्पर्धा परीक्षेची मुले स्वतःची पुस्तके घेऊन येतात. त्यांना खुर्ची, उजेड, पंखा, शांतता आणि चार्जिंगचा पॉइंट हवा असतो. घरी दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसे असतील तर हे दुसरीकडे मिळत नाही. सकाळी सहाला येऊन रात्री दहाला जाणारी मुलगी ग्रंथालयाचा जितका वापर करते तितका महिन्याला एक कादंबरी नेणारा आजीव सभासद करत नाही. शिवाय अभ्यासिकेच्या शुल्कावर कित्येक ग्रंथालयांचे वीजबिल निघते. त्यांना ‘हे काही खरे वाचक नव्हेत’ म्हणून हिणवणे मला मुळीच पटत नाही.

पण खुर्च्या वाढवताना पहिली जागा जाते बालविभागाची. मुले आवाज करतात, अभ्यासिकेला शांतता हवी असते, आणि मुले मंडळाकडे निवेदन देत नाहीत. दोन वर्षांनी कळते की नवे बालसभासदच नाहीत. म्हणून जागा वाटण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. बालविभागाची वेळ आणि खोली राखीव आहे का? अभ्यासिकेच्या प्रत्येक मुलाला देवघेवीचे, म्हणजे पुस्तक घरी नेण्याचे, सभासदत्व त्याच शुल्कात दिले आहे का? आणि हलवायच्या कपाटांत नेमके काय आहे हे कुणी पाहिले आहे का? रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या अभ्यासिकेत मुलींसाठी स्वच्छतागृह आणि बाहेरचा दिवा हाही मूल्यांचाच भाग आहे, कारण त्यांच्याविना ‘सर्वांसाठी खुले’ हे निम्म्यांपुरतेच खरे ठरते.

७. एका पुस्तकावर आक्षेप घेणारे निवेदन आले आहे, खाली चाळीस सह्या आहेत. पुस्तक काढून टाकावे का?

निवेदन आले म्हणून काढू नये. निवेदन घ्यावे, पोच द्यावी, निवेदन देणाऱ्यांना चहा द्यावा. त्यांतल्या किती जणांनी पुस्तक वाचले आहे हे विचारण्याचा मोह आवरावा, कारण त्याने भांडण वाढते. त्यांना इतकेच लेखी विचारावे : कोणते पान, कोणता मजकूर, आक्षेप काय? मग निवड समितीने पुस्तक पूर्ण वाचून लेखी निर्णय द्यावा. तोपर्यंत पुस्तक जागेवर राहावे. कपाटातून काढून ग्रंथपालाच्या खणात ठेवले तर न सांगता घातलेली बंदीच झाली ती.

दबाव किती टोकाला जाऊ शकतो हे पुण्याने पाहिले आहे. शिवाजी महाराजांवरील एका इंग्रजी पुस्तकाच्या लेखकाने संशोधनासाठी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची मदत घेतली होती. एवढ्या संबंधावरून ५ जानेवारी २००४ रोजी संस्थेवर हल्ला झाला आणि ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली. त्या पुस्तकाबद्दल कुणाचे काय मत असेल ते असो. ज्या कपाटांवर घाव पडले त्यांत त्या वादाशी काडीचा संबंध नसलेले ग्रंथ होते.

लहान गावातल्या ग्रंथपालाने एकट्याने छातीचा कोट करावा अशी अपेक्षा कुणी धरू नये. म्हणूनच ग्रंथनिवडीचे धोरण आणि तक्रारीची पद्धत शांततेच्या काळात ठराव करून ठेवावी. वेळ आली की ग्रंथपाल त्या ठरावाकडे बोट दाखवू शकतो. धमकी आली तर पोलिसांना लेखी कळवावे आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना प्रत द्यावी.

८. आणि सरकारनेच बंदी घातली तर?

मग कायदा पाळावा, पण आधी बंदी खरोखर आहे का ते तपासावे. ‘बंदी आहे म्हणे’ यावर कपाटे रिकामी झालेली आहेत. पुस्तक सरकारजमा करायचे तर राज्य सरकारला कारणे देऊन राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. हितसंबंध असलेल्या कुणालाही दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाता येते. प्रश्न ७ मधल्या पुस्तकावर महाराष्ट्र सरकारने घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये उठवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम केला.

म्हणून अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख फाइलला लावावी आणि दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक जिथे नोंदतात त्या वहीत, शेरा मारावा. बंदी उठली की तो शेरा वाचून पुस्तक परत आणायला कुणीतरी असले पाहिजे.

९. तटस्थ राहायचे तर कॅन्सर काढ्याने बरा होतो असे सांगणारी पुस्तकेही ठेवायची का?

तटस्थपणा म्हणजे डोळे मिटणे असे नाही. राजकारण, धर्म, इतिहासाचा अर्थ या विषयांत परस्परविरोधी मते शेजारी शेजारी असावीत. गांधी, सावरकर, आंबेडकर एकाच कपाटात बसायला हवेत आणि ग्रंथपालाचे मत कोणत्या बाजूला आहे हे कपाटाकडे बघून ओळखता येऊ नये.

आरोग्याच्या बाबतीत मात्र चुकीची माहिती जिवावर बेतते. अनुदानाचे मोजके पैसे त्यावर घालू नयेत. जुनी पडून असलेली तसली पुस्तके लोकसमजुतींच्या अभ्यासकाला उपयोगी पडतात. ती संदर्भ विभागात ठेवावीत, आरोग्याच्या कपाटात नाही. सीमारेषा प्रत्येक वेळी स्पष्ट असेल असे नाही. शंका आली तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारावे. ते बहुधा आनंदाने सांगतात.

१०. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. ती कोणती पुस्तके नेते याची यादी मला मिळेल का?

तुम्ही तिला विचारू शकता आणि तिचे पुस्तक घरी आल्यावर पाहूही शकता. ग्रंथालयाने मात्र तुमच्या मागे तिची यादी काढून देऊ नये असे आमचे मत आहे. थकीत पुस्तक आणि दंड एवढे पालकांना सांगणे पुरेसे आहे. दहा वर्षांखालच्या मुलांचे कार्ड पालकाच्या नावावर असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्या मुलाने काय वाचावे यावर बोलण्याचा हक्क पालकाला आहे. दुसऱ्याच्या मुलाने काय वाचू नये हे सांगायला तो हक्क पुरत नाही. तशी तक्रार आली तर प्रश्न ७ प्रमाणे जावे.

११. नवरा, सासू, कंपनीचे साहेब किंवा पोलीस यांनी एखाद्या सभासदाची नोंद मागितली तर?

पहिल्या तिघांना नम्रपणे नकार. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने म्हटले आहे. घटस्फोटाच्या कायद्यावरचे किंवा मानसिक आजारावरचे पुस्तक नेणाऱ्या बाईला, ते घरी कळेल अशी धास्ती वाटली, तर ती पुस्तक नेणारच नाही.

पोलिसांना अडवायचे नाही, पण तोंडी मागणीवर रजिस्टर पुढे सरकवायचेही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी लेखी आदेश काढून कागदपत्रे मागू शकतात. आदेश पाहावा, अध्यक्ष-कार्यवाहांना कळवावे, मागितली असेल तेवढीच नोंद द्यावी आणि पोच घ्यावी.

खरा उपाय आधी करायचा असतो. जी नोंद ठेवलीच नाही ती कुणी मागू शकत नाही. पुस्तक परत आले, दंड मिटला, लेखापरीक्षण झाले की कोणी काय नेले याचा तपशील ठेवायचे कारण उरत नाही. किती पुस्तके गेली हा आकडा पुरतो. कोहासारख्या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत परतीनंतर वाचकाचे नाव पुसण्याची सोय आहे, ती बहुतेक ठिकाणी कुणी सुरूच केलेली नसते. पुस्तकाच्या मागे सभासदाचे नाव लिहायची जुनी चिठ्ठी अजून चालू असेल तर ती आजच बंद करा, तारीख पुरे.

१२. जुनी पुस्तके रद्दीत घातल्याचे फोटो पाहून संताप आला. ग्रंथालयाला हे शोभते का?

कधी शोभते, कधी नाही. वाळवी लागलेले, पाने गळालेले, तीस वर्षांपूर्वीचे संगणकाचे पाठ्यपुस्तक ठेवून कुणाचे भले होत नाही. खपाच्या कादंबरीच्या सात प्रतींपैकी पाच बाद केल्या तरी चालते. बाद करण्याची पद्धत पाळली का, हे विचारावे : यादी, मंडळाचा ठराव, दाखल नोंदवहीत शेरा, आणि अनुदानातून किंवा राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून आलेली पुस्तके असतील तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना विचारणा.

ज्या गोष्टी कधीच रद्दीत जाऊ नयेत त्या बहुधा दिसायला अगदीच रद्दीसारख्या असतात. गावाचा इतिहास, नगरपालिकेचे जुने अहवाल, स्मरणिका, स्थानिक लेखकांची स्वखर्चाने छापलेली पुस्तके. आणि दिवाळी अंक! का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासूनची ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो आणि सभासदांना अंक वाचायला द्यायची त्या वर्षीची योजना संपली की अंक किलोवर विकतो. सगळ्यांनी सगळे ठेवणे शक्य नाही. जिल्ह्यातल्या ग्रंथालयांनी आपसात अंक वाटून घ्यावेत, म्हणजे एकेकाची तरी सलग फाइल कुठेतरी राहील.

‘सरकारकडे एकेक प्रत असतेच ना’ असे कुणी म्हणेल. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह आणखी तीन शहरांतल्या ग्रंथालयांत प्रत पाठवायची असते. स्वतःच पुस्तक छापणाऱ्या निवृत्त शिक्षकाला हे ठाऊक असण्याची शक्यता कमीच.

१३. वडिलांचा दोन हजार पुस्तकांचा संग्रह द्यायचा आहे. त्यांच्या नावाचे वेगळे कपाट कराल का?

बहुधा नाही, आणि याचे वाईट वाटून घेऊ नका. वेगळ्या कपाटातली पुस्तके वाचकाला सापडत नाहीत. विषयवार लावली तर फिरतात, आणि प्रत्येकावर तुमच्या वडिलांच्या नावाचा शिक्का राहू शकतो. देण्याआधी यादी करा. ग्रंथालय त्यातून निवडेल आणि उरलेली परत करेल, हे दोघांनीही लिहून ठेवावे. समासातल्या नोंदी, पत्रे, कात्रणे असतील तर ती मात्र वेगळी सांगा.

१४. दुर्मिळ पुस्तक स्कॅन करून वाचकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले तर चालेल का?

पुस्तक कुणाचे आहे त्यावर अवलंबून. लेखकाच्या मृत्यूनंतर, त्या वर्षाच्या अखेरीपासून ६० वर्षे हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे. पण त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा, चित्रे यांचे हक्क वेगळे असू शकतात. अनुवादकाचेही वेगळे.

हक्क शिल्लक असतील तर कायदा ग्रंथालयाला दोन छोट्या वाटा देतो. पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती करू शकते. आणि छापील प्रत जवळ असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवू शकते. यांपैकी कशातही व्हॉट्सअॅप गट बसत नाही.

दृष्टिहीन वाचक हा मोठा अपवाद आहे. त्यांच्यासाठी ब्रेल, ऑडिओ किंवा वाचता येईल अशी डिजिटल प्रत करायला कायद्याची परवानगी आहे. यासंबंधीचा माराकेश करार मान्य करणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला. आपल्या ग्रंथालयात असा एकही सभासद नसेल तर जिन्यापासून तपासायला सुरुवात करावी.

१५. वाचक चॅटबॉटने दिलेली यादी घेऊन येतात, त्यातली निम्मी पुस्तके अस्तित्वातच नसतात. काय करावे?

हसू नये. वाचकाला नेमके काय हवे होते ते विचारावे आणि खरी पुस्तके काढून द्यावीत. एवढ्या एका कामासाठीही ग्रंथपाल ठेवणे परवडते.

१६. आमच्या अध्यक्षांच्या कवितासंग्रहाच्या दहा प्रती ग्रंथालयाने विकत घेतल्या. हे नियमात बसते का?

एक प्रत घेतली तर कुणी काही म्हणू नये. अध्यक्षही गावचे कवी आहेत आणि स्थानिक साहित्य जपायचेच असते (प्रश्न १२). दहा प्रतींना मागणीचा आधार लागतो. देवघेवीचा आकडा काढा. नऊ प्रती कपाटात उभ्या असतील तर पुढच्या लेखापरीक्षणाआधी हा विषय सभासदांनी वार्षिक सभेत लेखी मांडावा. ज्या बैठकीत खरेदी ठरली तिच्या इतिवृत्तात अध्यक्ष त्या विषयापुरते बाहेर गेले होते अशी नोंद आहे का, ते पाहा. नसेल तर निवड समितीच्या नियमांत तशी अट घाला : स्वतःचे, नातेवाइकाचे किंवा स्वतःच्या प्रकाशनाचे पुस्तक पुढे आले की त्या सदस्याने उठायचे. जादा प्रती शेजारच्या गावांतल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयांना भेट देता येतील. त्यांनी घेतल्या तर.